ओळीतली शेवटची

चुकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बुटाच्या तळाला मारतात त्या बारीक खिळ्याला चूक म्हणतात, आणि तिचे बाबा बूट दुरुस्त करणारे. लग्नाला बरीच वर्षं उलटून गेल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर ही झाली. "आयुष्यात एकच चूक केली, पण कशी घट्ट बसलीय बघा," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे आणि स्वतःच हसायचे. आई लाँड्रीत इस्त्रीवर होती. तिला हा विनोद कधीच आवडला नाही, पण नाव मात्र तिच्याही तोंडात बसलं.

दुकान तळघरात होतं. खिडकी उघडायची ती थेट फुटपाथच्या पातळीला, त्यामुळे चुकीने लहानपणी माणसं पाहिली ती घोट्यापर्यंतच. बापलेकींचा एक खेळ होता. बाबा ऐरणीवर बूट उलटा चढवून ठोकत असत, आणि वरून कोणी गेलं की खिडकीकडे न बघता विचारत, "कोण गं?" ती सांगे, "बेकरीवाला. पाय घासतोय." किंवा, "नवी बाई आहे कोणीतरी. बूट मोठे आहेत तिला." बहुतेक वेळा बरोबर निघायचं. पुढे तिच्या हाती कातडं कापायची रापी आणि भोकं पाडायची आरी आली, तेव्हा तिचा कान आधीच तयार झालेला होता.

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांचे बूट वर्षातून दोनदा पोत्यात भरून यायचे. सगळे काळे, सगळे एकाच घडणीचे. पण तळ बघितला की एकाचा मेळ दुसऱ्याला नाही. कोणाची टाच आतून झिजलेली, कोणाची मागून. एक गोष्ट मात्र सगळ्यांत सारखी होती, आणि ती तिने दुसऱ्या कुठल्याच गिऱ्हाइकाच्या बुटात पाहिली नव्हती: पुढची टोकं खरवडलेली असायची. गुडघे टेकले की बुटांची टोकं जमिनीला घासतात. इतका वेळ गुडघे टेकून या बायका करतात तरी काय, हा प्रश्न तिच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

दुरुस्त झालेलं पोतं पोचवायला ती स्वतः जाऊ लागली. पोतं दारात ठेवायचं आणि चॅपलमध्ये, सिस्टरांच्या प्रार्थनाघरात, मागच्या बाकावर थोडा वेळ बसायचं. घरचे दर रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जाणारे होतेच, देव काही तिला नवा नव्हता. पण ही शांतता नवी होती. पुढे पुढे बसणं लांबत गेलं, आणि एक दिवस ऐरणीसमोर बसूनच तिने सांगितलं, "बाबा, मी सिस्टर होणार."

बाबांच्या ओठांत चार खिळे धरलेले होते. ते त्यांनी एकेक करून तळहातावर काढले. "आईला सांगितलंस?"

"नाही."

"मग मलाही अजून सांगितलेलं नाहीस, असं धरून चालू."

आईने आकाशपाताळ एक केलं. "देवाला माझीच एकुलती एक दिसली? ज्यांच्या घरात पाच-पाच आहेत त्यांच्याकडे नाही बघत तो?" दोन दिवस ती नुसती इस्त्री आपटत राहिली. तिसऱ्या दिवशी मात्र तिने लेकीच्या ब्लाउजांना नव्याने बटणं लावली आणि म्हणाली, "तिथे सगळ्यांसमोर फाटकं नेसून मला खाली बघायला लावू नकोस."

सिस्टर होणं म्हणजे दार ठोठावलं आणि आत घेतलं, असं नसतं. आधी नुसतं ये-जा करून बघायचं. मग उमेदवार म्हणून राहायचं, अंगावर आपलेच कपडे, वाटलं तर उद्या घरी. त्यानंतर नवशिकी, म्हणजे नॉव्हिस. तेव्हा पांढरं शिरोवस्त्र मिळतं आणि जगाशी बोलणं कमी होतं. मग पहिली व्रतं, गरिबीची, ब्रह्मचर्याची, आज्ञापालनाची. तीही वर्षावर्षाने नवी करायची. आणि सगळ्यात शेवटी कायमची. प्रत्येक पायरीवर परत फिरायचं दार उघडं असतं. कॉन्व्हेंटच्या प्रमुख असलेल्या मदरनी हे तिला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "मुली, इथून जाण्यात लाज नाही. उगाच राहण्यात आहे."

उमेदवारीचं वर्ष भांडी घासण्यात, बाग खुरपण्यात आणि घरच्या आठवणीने उशीत तोंड खुपसण्यात गेलं. मग पांढरं शिरोवस्त्र आलं. नवशिक्या मुलींना वळण लावायचं काम ज्या सिस्टरकडे होतं, त्यांना मुली पाठीमागे वळणबाई म्हणत. बाई सरळ, कडक, पण मनाने कोरड्या नव्हत्या. हातांवरचे घट्टे बघून त्यांनी चुकीला जिन्याखालची खोली दिली. "सगळ्यांचे बूट तुझ्याकडे. बाहेर कशाला द्यायचे आता?"

दुपारच्या जेवणाआधी सगळ्या नवशिक्या कामाच्या खोलीतून चॅपलला जात. दोघी-दोघींची ओळ, तोंडाला कुलूप. वाट एका लांब, फरशीच्या व्हरांड्यातून होती. एका बाजूला उंच खिडक्या, दुसऱ्या बाजूला पांढरी भिंत. सुरुवातीला जोड्या जुळत होत्या. मग एक मुलगी घरच्या ओढीने परत गेली, आणि उंचीने सगळ्यात मोठी म्हणून चुकी शेवटी एकटी उरली.

पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. खिडक्यांचे उजेडाचे चौकोन फरशीवर पडलेले, पुढच्या मुलींच्या पाठी हलत होत्या. आता सगळ्यांच्या बुटांना रबरी तळ असत. रबर फरशीवर बोलत नाही, कुजबुजतं. त्या कुजबुजीत तिच्या डाव्या हाताला, जिथे जोडीदारीण असायला हवी होती तिथे, एक वेगळा आवाज चालत होता. टक्. मग थोडं थांबून, हलकेच, टिक्. चामड्याचा तळ आणि टाचेला लोखंडी नाल.

तिने मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. फरशी, ऊन, भिंत.

पावलं तिच्याबरोबर चॅपलच्या दारापर्यंत आली आणि थांबली. आत आली नाहीत.

जुनी इमारत आहे, आवाज घुमत असेल, असं तिने मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम हळू चालली. तीही हळू झाली. तिने पाऊल बदललं. बाजूच्या पावलांनीही अडखळून जुळवून घेतलं, लग्नाच्या वरातीत नवखं माणूस बँडच्या तालाला जुळवून घेतं तसं. आणि तिचा कान, नको असताना, आपलं काम करू लागला. मुलगी आहे. वजनाने हलकी. बूट तिचे स्वतःचे नाहीत, कोणीतरी दिलेले. डावा पाय पूर्ण टेकत नाही, बाहेरच्या कडेवर पडतो.

व्हरांड्याच्या टोकाला, दाराशी, आजी-सिस्टर खुर्चीत बसलेल्या असत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडणं हे त्यांचं काम. डोळ्यांत मोतीबिंदू, पण निवृत्ती घ्यायला तयार नव्हत्या. आठवड्याभराने ओळ त्यांच्यासमोरून गेली तेव्हा त्या प्रसन्नपणे म्हणाल्या, "बरं झालं बाई, शेवटीला जोडीदारीण मिळाली."

पुढच्या मुली गालात हसल्या. आजींना दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चुकी मात्र हसली नाही. आजींना दिसत नव्हतं हे खरं, म्हणजे त्या जे सांगत होत्या ते ऐकून.

तिने कोणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? वेडी म्हणून घरी पाठवतील. आणि घरी जायचं नव्हतं, हे या भीतीने तिला आधी कधी नव्हतं इतकं स्पष्ट झालं. ती जिन्याखालच्या खोलीत दार उघडं ठेवून बसू लागली. जेवण कमी झालं. कधी कधी काम करताना आपला डावा पाय आपोआप आकसून घेतलाय, असं तिच्या लक्षात येई.

भेटीच्या दिवशी आई-बाबा आले. आई बोलत होती. लाँड्रीत नवीन मशीन आलंय, ते शर्टांच्या कॉलर खातं, मालक म्हणतो तुमच्याच हाताची चूक. बाबांची नजर लेकीच्या पायांवर. धंद्याची सवय. एकदम म्हणाले, "चुके, बूट काढ बघू."

"अहो, इथे काय?" आई म्हणाली.

बाबांनी तिचा डावा बूट उलटा करून उजेडात धरला. बूट नवाच होता. टाचेची बाहेरची कड मात्र तिरकी कापल्यासारखी झिजून गेली होती. "पाय दुखतो का तुझा?"

"नाही, बाबा."

"मग हे कोणाचं चालणं?" बाबांनी विचारलं. "मी तुला पहिलं पाऊल टाकताना बघितलंय. तू अशी कधीच चालत नव्हतीस."

बाबांनी बूट परत तिच्या पायात घातला, लहानपणी घालत तसा, आणि नाडी दोनदा सोडून पुन्हा बांधली. आईने ते बघितलं आणि मशीनचं गाऱ्हाणं अर्ध्यावर टाकून लेकीच्या कपाळाला हात लावून बघितला.

ते गेल्यावर चुकी तडक दाराशी गेली आणि आजी-सिस्टरच्या खुर्चीजवळ खाली बसली. "आजी, माझ्या शेजारून कोण चालतं?"

आजींनी जपमाळेवरचं बोट तसंच ठेवलं. "तुला ऐकू येतं होय? मला वाटलं, मलाच. म्हातारपणी कानात काहीबाही वाजतं म्हणतात."

मग त्यांनी सांगितलं. त्या स्वतः उमेदवार होत्या तेव्हाची गोष्ट. कॉन्व्हेंट तेव्हा गरीब, बूट दान म्हणून आलेले, मिळेल तो जोड पायात घालायचा. एक नवशिकी होती. बारीक अंगाची, हसरी, घाईने चालणारी. पहिली व्रतं अगदी तोंडावर आली होती. तिच्या डाव्या बुटात खिळा वर आलेला होता. त्या काळी दुखणं देवाला अर्पण करायचं, तक्रार करायची नाही, असं मुलींना शिकवलेलं असे. तिने ते शब्दशः घेतलं. कोणाला अक्षर बोलली नाही. ताप चढला तेव्हा कुठे बूट काढला, आणि तोवर पाय काळानिळा झाला होता. व्रतांच्या आधीच गेली.

"पांढऱ्या शिरोवस्त्रातच पुरली तिला," आजी म्हणाल्या. "ओळीत जेव्हा जेव्हा शेवटी कोणी एकटी उरली, तेव्हा मला ते चालणं ऐकू आलंय. त्या एकट्या मुलींपैकी मात्र कोणी टिकली नाही. एक तर सामानही न घेता गेली."

"तिला काय हवंय?"

"ते मला काय माहीत, बाळ? मी दार उघडते. आत येणाऱ्याला कारण विचारायची रीत नाही."

चुकी वळणबाईंकडे गेली आणि तिने माळ्यावरचे जुने बूट मागितले. कातडं वापरता येईल, असं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. गरिबीचं व्रत घेणाऱ्या घरात काही फेकत नाहीत. धुळीने भरलेली पेटी खाली आली. वळलेली, टणक झालेली पायताणं एकेक करून बाहेर निघाली. तळाशी एक जोड होता, नाडीने एकत्र बांधलेला. डाव्या टाचेची बाहेरची कड तिरकी गेलेली. तिने आत हात घातला, आणि बोटाला टोचलं.

भरदुपार होती. बाहेर बागेत कोणीतरी बादली आपटत होतं. जिन्याखालच्या त्या खोलीत तिच्या समोर, हातभर अंतरावर, कोणीतरी श्वास रोखून उभं आहे, असं तिला इतकं खात्रीने वाटलं की ती मान वर करेना. मग तिने बूट ऐरणीवर चढवला, आणि हात ओळखीच्या कामाला लागले. अंबुराने खिळा पकडून ओढला. इतक्या वर्षांचा गंज, सहज येईना. आला तेव्हा करकरला. आतून तिने मऊ कातड्याचं अस्तर चिकटवलं. टाच काढून नवी बसवली, कड घासून सारखी केली, मेणाच्या दोऱ्याने उसवलेला तळ शिवला. पॉलिशही केलं. कोणाच्या पायासाठी करतोय, हा विचार तिने एकदाच केला आणि मग केला नाही. जोड तिने फरशीवर, दाराकडे टोकं करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात ती पावलं आली. टक्, टक्. टक्, टक्. दोन्ही पाय पूर्ण टेकत होते.

चुकीला वाटलं होतं, आता हायसं वाटेल. झालं उलटंच. दुखरं पाऊल दबकत येई. हे पाऊल चपळ होतं, आनंदी होतं, आणि पुढे खेचत होतं. चॅपलच्या दाराशी ते थांबेना. आत आलं. प्रार्थनेच्या वेळी शेजारच्या रिकाम्या जागी गुडघ्यांचा, मग बुटांच्या टोकांचा आवाज झाला. स्वतःच्या प्रार्थनेच्या शब्दांखाली तिला दुसरी कुजबूज ऐकू येऊ लागली. आणि तिच्या मनात असा प्रश्न उठला की झोप उडाली: मी इथे माझ्या पायांनी आले का? त्या पोत्यातल्या बुटांनी मला बोलावलं, की हिने? व्रतं कोण घेणार आहे?

शेवटी ती वळणबाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं ओकली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मला काही ऐकू येत नाही. म्हणून ते नाहीच, असं मी म्हणणार नाही. एक सांग. उद्या तो आवाज बंद झाला, तर तू राहशील की जाशील?"

"माहीत नाही."

"मग ते कळेपर्यंत व्रतं घेऊ नकोस. किंवा घे, आणि नंतर कळू दे. वर्षाचीच तर असतात." बाईंनी चष्मा पुसला. "आमच्या सगळ्यांचंच तसं झालं. फक्त आवाज वेगवेगळे."

पहिल्या व्रतांच्या सकाळी चॅपल भरलं होतं. आई नवी साडी नेसून आली होती, बाबांचे बूट आरशासारखे चमकत होते. चुकी ओळीत शेवटी, डाव्या हाताला तीच पावलं. नाव पुकारलं गेलं. ती पुढे निघाली आणि अर्ध्यावर तोच प्रश्न पुन्हा आडवा आला: व्रतं कोण घेणार आहे? ती थांबली. शेजारची पावलं थांबली नाहीत. टक्, टक्, टक्, टक्, ती एकटीच पुढे गेली, वेदीपर्यंत, आणि गुडघे टेकल्याचा आवाज आला. सगळे चुकीकडे बघत होते, ही का थांबली म्हणून. फक्त मागे, दाराजवळच्या खुर्चीतून आजी-सिस्टर उठून उभ्या राहिल्या होत्या.

चुकी तशीच थांबली. एक प्रार्थना म्हणून होईल एवढा वेळ. फादरनी पुन्हा हाक मारली तेव्हा ती चालत गेली आणि त्या जागेच्या उजव्या बाजूला, थोडी जागा सोडून, टेकली. व्रताचे शब्द तिने एकटीच्या आवाजात म्हटले. व्रतं घेतलेल्या सिस्टरांचं काळं शिरोवस्त्र तिच्या डोक्यावर आलं तेव्हा डाव्या कानाला वारा लागल्यासारखं झालं, तेवढंच.

परत येताना व्हरांड्यात रबराची कुजबूज होती, दुसरं काही नाही.

लोकांना वाटेल, सुटली बिचारी. पण खरी कसोटी त्यानंतरची. तो आवाज गेल्यावर व्हरांडा इतका रिकामा झाला की तिला तिथून जाताना रडू यायचं. भीतीची का होईना, सोबत होती. दुपारी ओळीत ती नकळत डावीकडे जागा सोडून चालायची. जिन्याखाली ठेवलेला तो जोड तिथेच होता. तळावर मात्र बारीक ओरखडे आले होते, फरशीचे. तिने ते आजी-सिस्टरच्या बोटांना दाखवले. आजींनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "पुष्कळ चालली." त्याच हिवाळ्यात आजीही गेल्या. तो जोड तिने त्यांच्या शवपेटीत पायाशी ठेवला. वळणबाईंनी बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

व्रतं नवी करायचं पहिलं वर्ष तिने कसंबसं काढलं. दुसऱ्या खेपेला सामान बांधून ती मदरच्या दारापर्यंत गेली आणि वाट बघत बाकावर बसली. मदर फोनवर होत्या. बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून मदरच्या खोलीतल्या येरझाऱ्या ऐकतोय. उजवा तळ उसवलाय, फटक् फटक् वाजतोय, आणि मदरना पत्ता नाही. ती उठली, सामान खोलीत ठेवून आली, आणि मदर बाहेर आल्यावर म्हणाली, "मदर, तुमचा उजवा बूट द्या." जाते म्हणून सांगायचं ते त्या दिवशी राहून गेलं. पुढच्या वर्षी सांगावंसंच वाटलं नाही. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. ती राहिली, रोज थोडी.

कायमच्या व्रतांच्या वेळी जमिनीवर पालथं पडायचं असतं. वरून काळं कापड पांघरतात, मेलेल्यासारखं, आणि संतांची नावं एकामागून एक घेतली जातात. कापडाखाली अंधार होता आणि फरशी गार. तिने वाट बघितली. कोणीही आलं नाही. फरशीला लागलेल्या कानात फक्त जिवंत माणसं होती. बाक करकरत होते, कोणीतरी खोकत होतं. तिने डोळे मिटले, आणि खूप वर्षांनी पहिल्यांदा तिला एकटं असण्याची भीती वाटली नाही.

बाहेर चहाच्या टेबलाशी आईने तिचा हात हातात घेऊन कायमच्या व्रतांची नवी अंगठी फिरवून बघितली. "सैल आहे."

"बसेल, आई."

"बसेल म्हणे. भांडी घासताना काढून ठेव, नाहीतर मोरीत जाईल. आणि मग सांगशील देवाला काय ते."

पुढच्याच आठवड्यात तिची नेमणूक सिस्टरांच्याच दुसऱ्या एका लहान घरात झाली. कामाला जाणाऱ्या मुलींचं वसतिगृह, आणि सिस्टर अवघ्या तीन. तिघींपैकी एक घोरायची, दुसरीला चहात साखर किती हे कोणी ठरवू नये असं वाटायचं. चॅपल म्हणजे बैठकीची खोली, चार पावलांवर. तिथे ओळ करायला जागाच नव्हती. जिला जसं जमेल तसं जायचं.